आधी उतरवून घ्या, कॉम्प्रेस नंतर करा

खानापूर तालुक्यातनं, जांबोटीच्या बाजूच्या एका ताईंनी विचारलंय. वडिलांच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम आषाढी एकादशीला सह्याद्री वाहिनीवर लागणार आहे. घरी डीडी फ्री डिश आहे, जुना लॅपटॉप आहे, आणि सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी लॅपटॉपला जोडायचं एक छोटं यूएसबी कॅप्चर डोंगल आहे. कार्तिकीला त्यांनी मंडळाचाच एक कार्यक्रम असा रेकॉर्ड केला होता. तासाभराची फाइल १८ जीबीची झाली, टाळकऱ्यांचे हात हलले की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्या, आणि शेवटाला आवाज सेकंदभर मागं पडला. या वेळी रेकॉर्ड होतानाच फाइल लहान व्हावी असं सेटिंग त्यांना हवंय, कारण ती पुण्याला बहिणीला पाठवायची आहे.

ताई, ते सेटिंग मी तुम्हाला देत नाही, आणि त्याचं कारण माझ्या घरातलंच आहे. बेळगावच्या शहापुरात माझं लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग करायचं दुकान होतं. २००४ च्या गणपतीत माझे मामा एका मंडळाच्या मांडवात गायले आणि ते गाणं गावातल्या केबलवर थेट दाखवलं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड होतं. दीड तासाचं गाणं ७०० एमबीच्या एका सीडीत बसावं म्हणून मी ३५२ बाय २८८ चा आकार ठेवला आणि चालू कार्यक्रमातच कॉम्प्रेस करत रेकॉर्ड केलं. सीडीत बसलं. तेव्हाच्या मॉनिटरवर बरंही दिसलं. मामा आता नाहीत. तीच फाइल आज घरातल्या टीव्हीवर लावली की तान घेताना त्यांचा चेहरा चौकोनांत विरघळतो, पेटीवरची बोटं ओळखू येत नाहीत. मूळ रेकॉर्डिंग कुठंच नाही, कारण मी ते कधी घेतलंच नव्हतं. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलोय की रेकॉर्ड करणं हे एक काम आणि कॉम्प्रेस करणं हे दुसरं. दोन्ही एका वेळी करायला जाऊ नका.

असं का, ते बघा. आपल्याकडं टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं असतं. म्हणजे चालू कार्यक्रम कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरला एका फ्रेमसाठी सेकंदाचा पंचविसावा भाग मिळतो, त्यातच काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवावं लागतं. जुना लॅपटॉप तेवढ्यात दमतो आणि फ्रेम सोडून देतो. हीच गोष्ट रात्री निवांत केली तर सॉफ्टवेअर पुढच्या-मागच्या फ्रेम बघून ठरवतं, एका तासाच्या कार्यक्रमाला तीन तास लागले तरी कुणाचं काही अडत नाही. शिवाय जमलं नाही तर पुन्हा करता येतं. आषाढीचा कार्यक्रम पुन्हा लागेल याची खात्री कोण देणार?

आता तुमच्या १८ जीबीकडं येतो. तुमच्या डिशवर जे उतरतं ते आधीच कॉम्प्रेस केलेलं असतं. वाहिनीप्रमाणे ते एमपेग-२ असेल नाहीतर एमपेग-४. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिनीला सेकंदाला ३ मेगाबिट धरले तर तासाला साधारण १.३५ जीबी होतात. तुमचा बॉक्स ते उलगडतो आणि पिवळ्या वायरीतनं अॅनालॉग करून बाहेर सोडतो. त्या एका वायरीत रंग आणि उजेड एकत्र मिसळलेले असतात, म्हणून बारीक रेघांच्या साडीवर नसलेले रंग लवलवताना दिसतात. मग तुमचं डोंगल त्याचं पुन्हा डिजिटल करतं. ७२० बाय ५७६ चं ते उलगडलेलं चित्र काहीच न दाबता ठेवलं तर तासाला ७५ जीबीच्या आसपास जातं. डोंगलच्या सॉफ्टवेअरनं ते दाबून १८ वर आणलं. म्हणजे आकाशातनं सव्वा-दीड जीबीत आलेली गोष्ट तुम्ही १८ जीबीत ठेवली, आणि तीही मूळ चित्रापेक्षा खराब. गुळाची ढेप पाण्यात विरघळवून, ते पाणी पुन्हा आटवून ढेप करण्यासारखं झालं हे.

ती ढेप आहे तशी उचलून ठेवायची, म्हणजे डिशवर उतरणारा कॉम्प्रेस केलेला प्रवाह, ज्याला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम किंवा टीएस म्हणतात, तो जसाच्या तसा फाइलमध्ये लिहायचा. त्यात चित्राची गुणवत्ता कणभरही कमी होत नाही, लॅपटॉपच्या प्रोसेसरवर भार पडत नाही, आणि फाइल आपोआप लहान असते. तुम्हाला हवी होती ती लहान फाइल इथंच मिळते.

त्याला दोन वाटा आहेत. पहिली बिनखर्चाची. तुमच्या बॉक्सला पुढं किंवा मागं यूएसबीचं भोक आहे का बघा. फ्री डिशसाठी मिळणाऱ्या बऱ्याच बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय असते आणि ते पेन ड्राइव्हवर टीएस फाइलच लिहितात. ती नंतर लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. काही बॉक्स तिथं पुढची फाइल सुरू करतात, काही नुसतेच थांबतात. तुमचा कार्यक्रम तासाभराचा आहे, तेव्हा ती अडचण येणार नाही, पण पेन ड्राइव्ह रिकामा करूनच लावा.

दुसरी वाट लॅपटॉपची. डीव्हीबी-एस२ चा, म्हणजे डिशचा सिग्नल थेट लॅपटॉपमध्ये घेणारा, यूएसबी रिसीव्हर मिळतो, डिशची वायर थेट त्याला लागते. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर टीव्हीहेडएंड, विंडोजवर डीव्हीबीव्ह्यूअर किंवा नेक्स्टपीव्हीआर. वाहिन्या शोधून घेतल्या की वेळ लावून ठेवता येते. मी घरी हेच वापरतो. मात्र हे फक्त खुल्या वाहिन्यांना चालतं. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या किंवा केबलच्या वाहिन्या कुलूपबंद असतात. ते कुलूप तोडायचे उपाय कुणी सांगितले तरी त्या वाटेला जाऊ नका, कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ६५-अ त्यासाठीच आहे. सह्याद्री फ्री डिशवर खुली आहे, तेव्हा तुमचा प्रश्न तिथं मिटतो.

आता खरी काळजी पावसाची. आषाढी म्हणजे तुमच्याकडं मुसळधार. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरनं येते, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या भागातनं तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६१ अंश वर दिसतो. सिग्नल केयू बँडचा, आणि त्या लहरी जोराच्या पावसात शोषल्या जातात. उन्हाळ्यात ठीक चाललेली डिश जुलैमध्ये दगा देते ती यामुळं. तिची दिशा दोन अंश हललेली असते. कोरड्या हवेत ते खपून जातं, पावसात राखीव म्हणून काही उरत नाही. सेटिंगमधल्या स्ट्रेंग्थच्या पट्टीकडं बघू नका, क्वालिटीची पट्टी बघा. उघडीप मिळेल त्या दिवशी डिश एक-एक केस हलवून क्वालिटी जिथं सगळ्यात वर जाते तिथं बोल्ट आवळा. आग्नेयेला फणसाची, नारळाची फांदी आडवी आली असेल तर ती छाटा. ओली पानं सिग्नल खातात. डिशसमोरच्या दांड्यावर सिग्नल पकडणारा जो डबा असतो त्या एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण तडकलं असेल तर आत पाणी जातं, ते बदलून घ्या. वायरीचा जोड उघड्यावर असेल तर त्यावर रबरी टेप गुंडाळा आणि वायर जोडाच्या खाली झोळ देऊन सोडा, म्हणजे पाणी झोळातनं टपकेल, जोडात शिरणार नाही. साठ सेंटिमीटरच्या जागी नव्वदची डिश लावली तर पावसात फरक पडतो. तुमच्या भागातल्या दोन गिऱ्हाइकांना मी ती लावून दिली आहे आणि दोघांनीही परत साठची मागितलेली नाही.

पावसाबरोबर वीज जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून तुम्ही निश्चिंत असाल, पण डीव्हीबी रिसीव्हरला वेगळा अॅडॉप्टर असतो. डिशवरच्या एलएनबीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट त्यातनंच वायरीवाटे वर जातात. तो भिंतीतल्या प्लगला असेल तर वीज गेली की लॅपटॉप चालू आणि रेकॉर्डिंग बंद. बॉक्सचंही तसंच. रिसीव्हर किंवा बॉक्स यूपीएसवर घ्या, टीव्ही घेऊ नका. टीव्ही न लावता हे दोनच असतील तर छोटा यूपीएससुद्धा बराच वेळ ओढतो.

इथंच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळं लोकांची कार्यच्या कार्यं गेलेली मी बघितली आहेत. चालू रेकॉर्डिंग एमपी४ मध्ये कधी करू नका. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी, रेकॉर्डिंग बंद करताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर ती लिहायची राहते आणि तासाभराची फाइल उघडतच नाही. टीएसमध्ये प्रत्येक तुकडा १८८ बाइटचा आणि आपल्यापुरता पूर्ण असतो. वीज गेली तर जिथंपर्यंत लिहिलं तिथंपर्यंतचं हाताशी राहतं. एमकेव्ही प्रकारची फाइलसुद्धा बऱ्यापैकी वाचते.

रिसीव्हर या आठवड्यात मिळाला नाही, बॉक्सला यूएसबी नाही, आणि डोंगलवरच भागवायचं ठरलं, तर एवढं करा. सॉफ्टवेअरमध्ये पाल (PAL), म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत, निवडा. अमेरिकेकडची एनटीएससी राहिली तर चित्र काळं-पांढरं येतं नाहीतर गडगडत राहतं. आकार ७२० बाय ५७६ च ठेवा, ६४० बाय ४८० करू नका. त्याचं कारण पुढं येतंय. कॉम्प्रेशन हफवाययूव्हीसारखं, ज्यात काही हरवत नाही असं घ्या. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा जाईल, ती आधी मोकळी करा. आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकातनं न घेता डोंगलच्याच लाल-पांढऱ्या वायरीतनं घ्या. वायफाय बंद, अँटिव्हायरसचं स्कॅन बंद, स्लीप बंद.

कंगव्याच्या रेषांचं कारण नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं रेकॉर्डिंग बिघडतं ते इथं. टीव्हीचं चित्र इंटरलेस्ड असतं. ५७६ ओळींतल्या एकाआड एक २८८ ओळी आधी टिपल्या जातात आणि उरलेल्या २८८ सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला अशी ५० फील्ड येतात. जुना काचेचा टीव्ही ती त्याच क्रमानं दाखवायचा, त्यामुळं काही कळायचं नाही. लॅपटॉपचा पडदा मात्र दोन्ही अर्धी एकदम दाखवतो. बुवा स्थिर उभे असतील तर दोन्ही अर्धी जुळतात, पण टाळ धरलेला हात तेवढ्या वेळात बोटभर सरकलेला असतो. एका अर्ध्यात हात इथं, दुसऱ्यात तिथं, आणि कडेला कंगवा.

म्हणजे ती खराबी नव्हे, माहिती आहे. सेकंदाला २५ नव्हे तर ५० वेळा हात कुठं होता ते तुमच्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे. डीइंटरलेस करताना, म्हणजे ही अर्धी वेगळी सोडवताना, प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम करून घ्यायची, म्हणजे ५० फ्रेमचा व्हिडिओ तयार होतो आणि पखवाजावरची थाप टीव्हीवर दिसली होती तितकीच सळसळीत दिसते. बरेचजण २५ फ्रेमवर आणतात, म्हणजे निम्मी हालचाल फेकून देतात. बातम्यांना चालेल. भजनाला, कुस्तीला, क्रिकेटला नको.

आणि आकाराचं कारण हे. इंटरलेस्ड चित्र डीइंटरलेस न करता उभ्या दिशेनं लहान केलं, ५७६ चं ४८० केलं, की दोन वेळांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात. त्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर त्या वेगळ्या करू शकत नाही. दुकानात लोक अशा फाइली घेऊन यायचे, तेव्हा मला हात जोडावे लागायचे. आधी डीइंटरलेस करायचं आणि मगच आकार बदलायचा, हा क्रम कधी चुकवू नका.

जुना मराठी चित्रपट रेकॉर्ड करत असाल तर गोष्ट वेगळी. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, ती टीव्हीसाठी थोडी पळवून २५ ची करतात, आणि दोन्ही फील्ड एकाच फ्रेममधनं येतात. तिथं सहसा कंगवा नसतोच. थांबवून बघा, रेषा नसतील तर डीइंटरलेसला हात लावू नका.

आता कॉम्प्रेस. टीएस फाइलमधल्या जाहिराती आणि पुढचं-मागचं आधी कापा. लॉसलेसकट किंवा अॅव्हिडेमक्समध्ये पुन्हा कॉम्प्रेस न करता कापता येतं. फक्त काप मुख्य, म्हणजे पूर्ण साठवलेल्या, फ्रेमवरच बसतो, म्हणून तो अर्धा-एक सेकंद इकडंतिकडं होतो. अभंगाच्या पहिल्या अक्षरावर काप बसत असेल तर थोडं आधीच कापा. पावसानं मध्ये तुटलेलं असेल तर ते तुटलेले क्षण तसेच राहू द्या.

मग हँडब्रेक हे कॉम्प्रेस करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, वापरायला सोपं आहे. त्यात ५७६पी२५ नावाचं तयार सेटिंग आहे, ते घेतलं तर फ्रेम २५ वर अडकतात. ते निवडून मग फ्रेमरेट ५० करा आणि डीइंटरलेसच्या खान्यात बॉब निवडा, तेच प्रत्येक फील्डची फ्रेम करतं. व्हिडिओ एच.२६४, गुणवत्तेचा आकडा १९ किंवा २०. हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. वेग स्लो ठेवा आणि झोपायला जा. आवाजाला एएसी १६० पुरे. टाळांचा आवाज कमी बिटरेटला पत्र्यासारखा होतो, म्हणून १२८ च्या खाली जाऊ नका. चेहरे उभट किंवा पसरट दिसले तर समजा चित्राचं प्रमाण चुकलंय. ५७६ ओळींचं चित्र रुंद पडद्याचं असेल तर १०२४ बाय ५७६ असं दिसायला हवं, जुन्या चौकोनी पडद्याचं असेल तर ७६८ बाय ५७६.

एच.२६५ नं फाइल आणखी लहान होते, पण घरोघरी भिंतीवर असलेल्या जुन्या टीव्हींच्या यूएसबीला ते चालत नाही. मंडळातल्या प्रत्येकाच्या घरी ते लागायला हवं असेल तर एच.२६४ च बरं. आणि मूळ टीएस सव्वा जीबीचीच असेल तर घाई कसली? कधीकधी कॉम्प्रेस न करणं हेच शहाणपणाचं असतं. बहिणीला पाठवायला लहान प्रत करा, घरात टीएस ठेवा, दोन वेगवेगळ्या डिस्कवर. व्हॉट्सअॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका. नाहीतर ते स्वतः पुन्हा दाबून टाकतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमात स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करायला मुभा आहे. यूट्यूबवर चढवणं त्यात बसत नाही, गाणारे आपलेच वडील असले तरी. तसं करायचं असेल तर वाहिनीला पत्र लिहून परवानगी मागा.

आषाढीच्या चार दिवस आधी, त्याच वेळेला, त्याच वाहिनीचं तासभर रेकॉर्डिंग करून बघा. पाच मिनिटांचं नको. आवाजाचं सरकणं तासाभरातच कळतं. सुरुवातीला आणि शेवटाला टाळाची एक थाप निवडा, चित्र आणि आवाज जुळतात का बघा. कार्यक्रमाच्या दिवशी दहा मिनिटं आधी सुरू करा आणि अर्धा तास उशिरा बंद करा. आधीचा कार्यक्रम लांबला तर वेळापत्रकावर भरवसा ठेवून चालत नाही.

राहिली कार्तिकीची ती १८ जीबीची फाइल. ती पुसू नका. तुम्ही लिहिलंय की ती ७२० बाय ५७६ ची आहे, म्हणजे दोन्ही फील्ड तिच्यात शाबूत आहेत आणि कंगवा पूर्ण जाईल. आवाज मागं पडतो म्हणजे तासाभराच्या ९०,००० फ्रेमपैकी पंचवीसेक सुटल्या आणि चित्र सेकंदभर पुढं गेलं. फाइल दर दहा मिनिटांनी थांबवून बघा. आवाज थोडाथोडा मागं पडत गेला असेल तर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा आवाज मिळून एक सेकंद आखडून घ्या. हजारात एकाहूनही कमी फरक आहे, सूर हलल्याचं बुवांच्याही कानाला कळणार नाही. एका जागी झटक्यात सरकला असेल तर त्या जागेपासून पुढचाच आवाज ओढून पुढं घ्या. ती जागा सापडली नाही तर फाइल हार्ड डिस्कवर घेऊन बेळगावला या, आपण दोघं बसून शोधू.